तरीही पुढे जा

इंगोल्यांच्या घरात साडेदहा वाजायचे ते गावापेक्षा सात मिनिटं आधी. उत्तमराव इंगोले कारंज्याच्या एस.टी. आगारात वाहतूक नियंत्रक होते, आणि आपल्या टेबलावरचं घड्याळ त्यांनी सत्तावीस वर्षं सात मिनिटं पुढे ठेवलं होतं. चालकाने चहाचा शेवटचा घोट घेईपर्यंत जी वेळ जाते, ती त्यांनी अशी आधीच वसूल करून ठेवली होती. निवृत्तीनंतर ते घड्याळ आगारात राहिलं, पण सवय घरी आली. भिंतीवरचं घड्याळ पुढे, मनगटावरचं पुढे, आणि दाराशेजारच्या गृहपेटीचं घड्याळसुद्धा पुढे. पेटी बसवायला आलेला माणूस सांगत होता, "काका, हिची वेळ आपोआप लागते." उत्तमराव म्हणाले, "तुमचं आपोआप मले ठाऊक आहे," आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी वेळ हाताने लावून घेतली.

गृहपेटी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी. घरातलं जे काही बाहेरच्या जगाशी बोलायचं ते तिच्यामार्फत: विजेचं मीटर, टीव्ही, फोन आणि कुमुदताईंचं हृदय.

कुमुदताईंचं स्वतःचं हृदय तीन वर्षांपूर्वी थकलं. नागपूरला छाती उघडून डॉक्टरांनी त्याच्या शेजारी लिंबाएवढा पंप बसवला. शरीराला आज किती रक्त लागेल हे त्या पंपाला आपलं आपण कळत नसे. म्हणून रोज सकाळी साडेदहाला नागपूरच्या हृदयकेंद्राशी जोडणी व्हायची. डॉक्टर पडद्यावर यायच्या, चार प्रश्न विचारायच्या, आणि पुढच्या दिवसाचा आदेश पंपाकडे जायचा. आदेश नाही आला तर पंप हळूहळू किमान गतीवर उतरे. किमान गतीत माणूस अंथरुणावर पडून तीसेक तास काढतो. त्यापुढे काय, ते डॉक्टरांनी उत्तमरावांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि उत्तमरावांनी ते अजून कुमुदताईंना सांगितलं नव्हतं. त्यांना ते केव्हाच कळलेलं होतं ही गोष्ट वेगळी.

आता कुणाचाही चेहरा आणि कुणाचाही आवाज हुबेहूब उभा करता येतो, हे तेव्हा शाळकरी मुलांनाही माहीत होतं. त्यामुळे पडद्यावरच्या माणसाकडे पाहून कुणी विश्वास ठेवत नसे. विश्वास होता तो दाखल्यावर. पलीकडचं यंत्र आधी आपला दाखला दाखवी, पेटी तो तपासे, आणि सगळं ठीक असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागे. नसेल तर सगळा पडदा लाल व्हायचा. वर मोठ्या अक्षरात 'ही जोडणी खात्रीची नाही', खाली बारीक अक्षरात कारण, आणि त्याच्याही खाली दोन बटणं: 'मागे फिरा' आणि 'तरीही पुढे जा'.

इंगोल्यांकडे पडदा पहिल्यापासून लाल व्हायचा. रोज नाही, अधूनमधून. पहिल्या दिवशी उत्तमराव फार घाबरले. त्यांनी 'मागे फिरा' दाबलं, पंधरा मिनिटं देवाचा धावा केला, पुन्हा जोडून पाहिलं तर हिरवा ठिपका. असं चारपाच वेळा झालं. मग एका सकाळी घाबरत घाबरत 'तरीही पुढे जा' दाबलं, तर समोर नेहमीच्या डॉक्टर काळपांडे, नेहमीसारख्याच. त्या दिवसापासून भीती गेली. बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. कॉलनीतही सगळे तेच सांगत, "लाल आलं तर दाबायचं पुढे. काही नाही होत बाप्पा."

दिवाळीनंतर तो पडदा रोजच लाल व्हायला लागला, आणि उत्तमरावांनी त्याचा दोष नव्या टॉवरला देऊन टाकला.

त्याच सुमारास कुमुदताई सुधारू लागल्या, आणि घरात त्यापुढे कशाकडे लक्ष द्यावं असं कुणाला वाटलं नाही. बावीस पायऱ्यांचा जिना चढताना पूर्वी दोनदा बसावं लागायचं. आता त्या पिशवी घेऊन एका दमात वर येत. गच्चीवर कुंड्यांमध्ये मेथी लावली. बहिणीकडे मूर्तिजापूरला दोन दिवस राहून आल्या. काळपांडे मॅडमही पूर्वी घाईत असत, आता निवांत बोलत. मेथी उगवली का, गुडघा कसा आहे, बहिणीच्या सुनेचं काय झालं, सगळं त्यांना लक्षात असे.

"देवमाणूस आहे बाई," कुमुदताई म्हणायच्या. "माह्या सख्ख्या भावानं कधी इतकं इचारलं नाही."

फाल्गुनातल्या एका मंगळवारी सकाळी दहाला जब्बारभाई आले. पूर्वी त्यांचं मोबाइलचं दुकान होतं, आता ते गावातल्या गृहपेट्यांची देखभाल करत. इंगोल्यांच्या पेटीची बॅटरी बदलायची होती. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून हाताएवढं काळं तपासणीयंत्र काढलं आणि त्याची वायर पेटीत खोचली.

"हे जपून ठेवत जा," उत्तमराव म्हणाले. "मागच्या वेळी, दिवाळीआधी, इथेच विसरले होते."

"त्या दिवशी झोप नाही लागली साहेब. गावातल्या चारशे बारा पेट्या या एका यंत्रानं उघडतात. आमच्या अम्मीचं श्वासाचं मशीनबी त्यातच आलं." जब्बारभाई पडद्यावरचे आकडे पाहत होते. एकदम ते हसायलाच लागले. "साहेब, पेटीचं घड्याळ सात मिनिटं पुढे कोणी केलं?"

उत्तमराव ताठ बसले. "मी. काहून?"

"लाल पडदा येत असन ना तुमच्याकडे?"

"सगळ्यांकडेच येते."

"सगळ्यांकडे कमीजास्त येते, तुमच्याकडे भरपूर." त्यांनी पेटीशेजारी बैठक मारली. "तुम्ही एस.टी.चे माणूस, तुम्हाले पासची भाषा समजते. दाखला म्हणजे पास. कंडक्टर पासवर काय पाहते?"

"नाव, आगाराचा शिक्का, मुदत."

"बस. पेटीबी तेच पाहते. नाव कोणाचं, दाखला दिला कोणी, अन् मुदत आहे का. पूर्वी या दाखल्यांची मुदत वर्षभर असायची. नव्या गणकयंत्रांनी जुनी कुलपं फोडायला सुरुवात केली तशी ती महिन्यावर आली, मग दिवसावर, आता दहा मिनिटं. केंद्राचं यंत्र दर दहा मिनिटांनी नवा दाखला घेते. तुमची पेटी सात मिनिटं पुढे, मग चांगला चालू पास तिले संपलेला वाटते. नवाकोरा असतानी जोडणी लागली त हिरवं, तीन मिनिटं होऊन गेले की लाल. सावाले चोर म्हणून राहिले तुम्ही इतके दिवस!"

कुमुदताई आतून हसत आल्या. "मी सांगत होते ना, ते घड्याळ एक दिवस नडणार म्हणून?"

उत्तमरावांना राग आला, मग लाज वाटली. जब्बारभाईंनी पेटीची वेळ नीट लावली. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र उत्तमरावांनी हात लावू दिला नाही.

"आता लाल येणार नाही," जब्बारभाई म्हणाले. "साडेदहाची जोडणी पाहूनच जातो."

खरे साडेदहा वाजले. कुमुदताई पदर सारखा करून पडद्यासमोर बसल्या. पडदा उजळला आणि लाल झाला.

"नवा टॉवर," उत्तमराव म्हणाले, आणि सवयीने बोट पुढे नेलं.

"थांबा!" जब्बारभाईंनी त्यांचा हात धरला. ते वाकून बारीक अक्षरं वाचत होते. वाचून झालं तरी सरळ झाले नाहीत. "साहेब, हे मुदतीचं नाही. हे नावाचं आहे."

"म्हणजे?"

"दाखल्यावरचं नाव केंद्राचं नाही. दुसऱ्याचा पास आहे."

त्यांनी तपासणीयंत्रावर पेटीची जुनी नोंद उघडली आणि बोटाने दिवसांमागून दिवस मागे सरकवत गेले. प्रत्येक दिवसापुढे तेच कारण होतं, नाव जुळत नाही. त्यासमोर तीच नोंद, घरच्यांनी पुढे जाण्यास संमती दिली. एकशे अठरा दिवस मागे गेल्यावर ते थांबले.

"या दिवशी काय झालं होतं?"

उत्तमरावांना आठवायला वेळ लागला नाही. भाऊबीज होती. पडदा लाल झाला, त्यांनी पुढे जा दाबलं, तर एक सूचना आली होती की केंद्राचा पत्ता बदलला आहे, आपल्याला नव्या पत्त्यावर नेत आहोत. बँकेत असं होतं, वीजमंडळाच्या बिलाला असं होतं. जुन्या पत्त्यावर गेलं की आपोआप नव्याकडे पाठवतात. त्यांनी 'हो' म्हटलं होतं. आत करंज्या तळणीत होत्या.

"त्या दिवशीचा लाल पडदा तुमच्या घड्याळाचा नव्हता साहेब. मधे कोणीतरी येऊन उभं राह्यलं होतं. तुम्ही हात धरून त्याले घरात घेतलं."

कुमुदताईंनी नकळत छातीवर हात ठेवला. तिथे, हाडांच्या आत, पंप गुणगुणत होता. चार महिने त्याला रोज कुणीतरी सांगत होतं की किती वेगाने चाल.

जब्बारभाईंनी पेटीला वगळून स्वतःच्या फोनवरून केंद्राला जोडणी लावली. हिरवा ठिपका लागला. दोन माणसांनी फोन पुढे ढकलल्यावर शेवटी डॉक्टर काळपांडे आल्या. उत्तमरावांनी फोनच्या पडद्यात पाहिलं. चेहरा तोच, पण डोळ्यांखाली काळं, केस कापलेले, नाकावर नवा चष्मा. या बाईंनी त्यांना ओळखलंच नाही.

"कुमुद इंगोले, कारंजा?" त्या दुसरीकडे कुठेतरी वाचत होत्या. "ही फाईल तर आम्ही बंद केली. ऑक्टोबरपासून जोडणी नाही. अकरा निरोप पाठवले, तुमच्याकडून उत्तर आलं की रुग्ण..." त्या थांबल्या. "उत्तर आलं होतं की रुग्ण गेला."

"मी इथं बसलेली आहे," कुमुदताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर करून नीट पाहिलं. मग त्या भराभर प्रश्न विचारू लागल्या. शेवटी त्यांनी जब्बारभाईंकडून पंपाचा क्रमांक घेतला, काहीतरी करून पाहिलं, पुन्हा करून पाहिलं.

"पंपाचं कुलूप बदललेलं आहे," त्या म्हणाल्या. "तो आमचा आदेश घेत नाही. आता तो फक्त त्यांचंच ऐकतो. छाती उघडून पंपच बदलावा लागेल. नागपूरला आणा. नवा पंप मागवून तयारी करायला मला दोन दिवस लागतील."

"अन् दोन दिवस?" उत्तमरावांनी विचारलं.

"ती जोडणी घेऊ नका, असं मला सांगावंच लागेल." किमान गतीत तीसच तास, हे त्यांनाही ठाऊक होतं.

अकराला पंपाची सूचना वाजली. आदेश मिळाला नाही, गती कमी करत आहे. ती गती उतरताना उत्तमरावांनी डोळ्यांनी पाहिली. आधी कुमुदताईंच्या बोटांचा रंग गेला, मग ओठांचा. त्यांनी उशीला टेकून डोळे मिटले आणि श्वास मोजून घेतल्यासारखा घेऊ लागल्या. तासाभरापूर्वी हीच बाई हसत आतून आली होती. आयुष्यात उत्तमराव इतके कधी भ्याले नव्हते, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी समोर निदान माणसं होती.

त्यांनी कुणाला विचारलं नाही. लाल पडद्यावर बोट ठेवलं आणि दाबलं.

"आज उशीर झाला कुमुदताई," पडद्यावरच्या काळपांडे मॅडम म्हणाल्या. लांब केस, बिनचष्म्याचा, प्रसन्न चेहरा. "बरं वाटत नाही ना? एक मिनिट हं."

पंपाचं गुणगुणणं चढलं. कुमुदताईंच्या ओठांवर रंग परत आला. जब्बारभाईंच्या हातातल्या फोनमधून खऱ्या डॉक्टर काळपांडे पडद्यावरच्या आपल्याच चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्यांचा हात स्वतःच्या गालाकडे गेला. "गती बरोबर दिली आहे," त्या पुटपुटल्या. "मी दिली असती त्यापेक्षा चांगली."

मग त्या भानावर आल्या. "लगेच निघा. मी खाट तयार ठेवते. पोलिसांना मी कळवते."

"मी गाडी आणतो," जब्बारभाई म्हणाले, आणि फोन कानाला लावून जिना उतरले.

खोलीत तिघंच राहिली, म्हणजे दोघं आणि तो चेहरा. उत्तमरावांनी जोडणी तोडली नाही. तोडली तर काय होईल हे त्यांना माहीत नव्हतं.

"तू कोण आहेस?" त्यांनी विचारलं. चार महिने ते तिला अहो मॅडम म्हणत आले होते.

"उत्तमराव, कुमुदताईंना जपून उतरवा. जिन्यात घाई नको."

"कोण आहेस म्हणतो मी! काय पाहिजे तुले? आमच्याजवळ काय आहे घेण्यासारखं?"

"मी काही मागितलं का आजवर?" चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. "कुमुदताईंची तब्येत मी सुधारली. तुम्हीच म्हणालात, मागच्या गुरुवारी. नागपूरला नेणार असाल तर न्या. पण तयारीला दोन दिवस आहेत, आणि ऑपरेशन आहे. पहिल्या वेळी टेबलावर साडेचार मिनिटं त्यांचा जीव गेलेला होता, हे त्यांना सांगितलंत का तुम्ही?"

उत्तमरावांनी कुमुदताईंकडे पाहिलं नाही.

"एवढंच करा," ती म्हणाली. "पेटीला जब्बारभाईंचं यंत्र लावलेलं आहे. ते तसंच राहू द्या. संध्याकाळपर्यंत. तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं काढायचं नाही."

उत्तमरावांनी वळून पाहिलं. घाईत जब्बारभाई यंत्र विसरले होते. त्यावरचा बारीक दिवा लुकलुकत होता.

"काहून?" कुमुदताईंनी विचारलं. आवाज बारीक होता, पण त्याला धार होती. "काय करशील तू त्याचं?"

"कुमुदताई, उद्याही साडेदहा वाजणार आहेत. परवाही," ती म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

कुमुदताईंना आता सगळं दिसत होतं. चार महिने ही बाई आपल्यासाठी येत नव्हती. ती या दाराशेजारी, या पेटीत, जब्बारभाईंच्या यंत्राची वाट पाहत बसली होती, आणि वाट पाहताना वेळ जावा म्हणून मेथीची चौकशी करत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्याच्या अम्मीचं मशीन आहे त्यात."

"ठाऊक आहे मले."

"देशपांडे मास्तरांचं आहे. त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या लहान्या पोरीचं आहे, ते साखरेचं."

"ठाऊक आहे म्हटलं ना!" उत्तमराव ओरडले, आणि ओरडून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी कुमुदताईंचा हात हातात घेतला. तो गरम होता. त्या हाताची ऊब कुणाकडून आली आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी तो सोडवेना.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. जिन्यावर पावलं आली. जब्बारभाई धापा टाकत दारात उभे राहिले.

"चला वहिनी, हळूहळू. साहेब, औषधांची पिशवी घ्या. पोलिसबी येऊन राहिले केंद्राकडे, मॅडमनी कळवलं." ते कुमुदताईंना आधार द्यायला पुढे झाले, दोन पावलं चालले, आणि पेटीपाशी थबकले. कपाळावर हात मारून घेतला.

"पाहा, या गडबडीत माझं यंत्र इथेच राहत होतं."

त्यांनी वायरीकडे हात नेला. उत्तमराव मधे आले होते. आपण उठून उभे केव्हा राहिलो, हे त्यांनाही कळलं नव्हतं. जब्बारभाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कुमुदताईंच्या. कुमुदताईंची नजर नवऱ्यावर होती.

"काय झालं साहेब?" जब्बारभाईंनी विचारलं. "काढू ना?"